वजन, पकड आणि शर्यतीची मोटार

ड्रॅग शर्यतीत मोटारीला उभ्या स्थितीतून निघून सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, अंतर कापावयाचे असते. मोटार हलकी केली की ती अधिक जोराने सुटेल, असे सहज वाटते. परंतु वजन कोठून काढले, हा प्रश्न येथे महत्त्वाचा होय.

समजा, १,००० किलोग्रॅमच्या मोटारीचा निम्मा भार मागील चाकांवर आहे व इंजिन तीच चाके फिरविते. चाकांची पकड त्यांच्यावरील भाराच्या प्रमाणात असते. पुढील चाकांवरचे १०० किलोग्रॅम काढले, तर भार व एकूण वजन यांचे गुणोत्तर ०.५० वरून ०.५६ होते, मागील चाकांवरचे काढले, तर ते ०.४४ वर येते आणि चाके जागीच गरगरतात. दोहोंकडून सारखेच काढल्यास पकडीपुरता लाभ शून्य!

१९६४ साली अमेरिकेतील फोर्ड कंपनीने ‘थंडरबोल्ट’ मोटारीचा पुढील भाग काचतंतूंचे पत्रे वापरून हलका केला. जड बॅटरी मात्र मागे, सामानाच्या कप्प्यात नेली.

सुटताना भार आपोआपही मागे सरकतो. पुढील चाके जमिनीवरून उचलली गेली, की सारा भार मागे आलेलाच असतो. मग पुढून आणखी वजन काढून पकड वाढत नाही, आणि सुकाणूही निरुपयोगी ठरते.