परसातले बी

गोव्यात घरामागच्या भाजीच्या लहानशा जागेस परस, आणि बोलीत पोरसूं, म्हणतात. पावसाळ्यात तेथे काकडी, घोसाळी, भेंडी व चिबूड होतात. हिवाळ्यात तांबडी भाजी, मुळा, वांगी आणि मिरची. फोंडा, सत्तरी, सांगे या भागांत जोडीला कुळागर असते. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेली मिरवेल आणि सावलीत केळी व अननस. कुळागरातील सुपारी बाजारात जाते. परसातले मात्र घरच्या पानात येते.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. त्यानंतर शाळा, रस्ते, नोकऱ्या वाढल्या आणि बेळगावची भाजी गावोगावी मिळू लागली. या नव्या जीवनास आम्ही दोष देत नाही. नळ व पंप आल्यामुळे विहिरीतून पाणी शेंदण्याचे कष्ट वाचले आहेत. नोकरी करणाऱ्या माणसासही सकाळी अर्धा तास काढता येतो. तरीही कित्येक परसे ओस पडतात, याचे एक मोठे कारण आम्हांस असे दिसते, की घरचे बी संपले आहे.

पूर्वी बी जपणे हे घरातील वडील स्त्रियांचे काम असे. एका घरचे बी गेले तर शेजारणीकडून मिळे. हा देवाणघेवाणीचा धागा तुटला, की बाजारातील पुडी घ्यावी लागते. ती पुडी संकरित बियाण्याची असेल, तर त्या झाडांचे बी पुढच्या वर्षी लावून तशीच फळे येतील असा भरवसा नसतो. म्हणजे दरवर्षी पुन्हा विकत घेणे आलेच. उलट गोव्याची सात शिरांची भेंडी किंवा काणकोणकडील खोल्याची मिरची टिकली, ती घरोघर बी राखल्यामुळेच.

बी राखण्याची रीत सोपी आहे. सर्वांत निरोगी वेलावरील वा झाडावरील चांगले फळ खाण्यास न तोडता बियाण्यासाठी सोडावे. काकडी पिवळी होऊन पिकू द्यावी, भेंडी झाडावरच वाळू द्यावी, घोसाळे हलविले असता बी खुळखुळेपर्यंत ठेवावे. तांबड्या भाजीची दोन झाडे न खुडता तुऱ्यावर येऊ द्यावीत. काकडीचे बी धुऊन, राख लावून सुकवावे. दमटपणा हा बियाण्याचा मोठा शत्रू. म्हणून पुरते वाळल्यावरच ते घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावे आणि वर नाव व वर्ष लिहावे.

एक दक्षता घ्यावी. मधमाश्या एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेतात. काकडी व चिबूड यांचा परस्पर संकर होत नाही. परंतु काकडीच्या दोन जाती शेजारी लावल्या तर त्यांचे बी मिसळते. भेंडीचेही काही प्रमाणात तसेच. ज्या जातीचे बी धरावयाचे, ती एकच लावावी.

चवथीला गणपतीपुढे माटोळी बांधताना आपण रानातील व परसातील फळे टांगतो. त्यातील किती फळे आपल्या अंगणातली आणि किती विकतची, हे प्रत्येक घराने एकदा मोजून पाहावे. नंतर निदान एक भाजी निवडून तिचे बी धरावे आणि त्यातील मूठभर दुसऱ्या घरी द्यावे. दोन घरी असलेले बी सहसा हरवत नाही.