'पर्यंत' एकच, इंग्रजीत मात्र दोन

इंग्रजीत मला बरे गुण पडतात, म्हणून घरातलं इंग्रजी लिहिण्याचं काम माझ्याकडे असतं. श्रावणात आजी तापानं आजारी पडली. दादा शहरातल्या कारखान्यातून एका दिवसाची रजा काढून आला. ताप उतरेना, तेव्हा रजा वाढवायची ठरली. त्याचे साहेब तमिळनाडूकडचे, त्यांना मराठी वाचता येत नाही. दादा म्हणाला, "सोमवारपर्यंत रजा पाहिजे, असं इंग्रजीत लिही." मी ऐटीत लिहिलं, 'प्लीज गिव्ह मी लीव्ह बाय मंडे.' गावातल्या एका माणसाबरोबर अर्ज गेला.

साहेबांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की याला सोमवारच्या आत रजा मंजूर करून पाहिजे. कोणकोणत्या दिवसांची, ते अर्जात नव्हतंच! अर्ज टेबलावर पडून राहिला. दादाचा शुक्रवार, शनिवार आणि सोमवार असा तीन दिवसांचा पगार कापला गेला. तो मला काहीच बोलला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

वहीतला कच्चा अर्ज मी बाईंना दाखवला. बाई म्हणाल्या, "अगं, इथं टिल पाहिजे. आपल्या एका 'पर्यंत'ला इंग्रजीत दोन शब्द आहेत."

एखादी गोष्ट त्या वेळेपर्यंत चालूच राहणार असेल तर टिल. (अनटिल म्हणजेही तेच.) एखादं काम त्या वेळेपर्यंत एकदा उरकायचं असेल तर बाय. 'मोटार शनिवारपर्यंत दुकानात राहू द्या' यात मोटार रोज तिथंच आहे, म्हणून टिल. 'मोटार शनिवारपर्यंत दुरुस्त करून द्या' इथं बाय. बुधवारी दिली तरी चालेल, शनिवारी दिली तरी चालेल, रविवार मात्र उजाडायला नको.

मी एक युक्ती काढली आहे. वाक्यात 'उशिरात उशिरा' घालून बघायचं. 'उशिरात उशिरा शनिवारपर्यंत दुरुस्त करा' हे बरोबर वाटतं, म्हणून बाय. 'उशिरात उशिरा शनिवारपर्यंत राहू द्या' हे कानाला खटकतं, म्हणून टिल.

नकार आला की मी अजून अडखळते. 'साहेब सोमवारपर्यंत येणार नाहीत' यात टिल येतो. येणं एकदाच असलं तरी न येणं सोमवारपर्यंत चालूच आहे ना!

त्याच अर्जात मी 'आजी दोन दिवसांपासून आजारी आहे' याला 'सिन्स टू डेज' लिहिलं होतं. तेही चूकच. किती दिवस ते सांगायचं असेल तर फॉर, म्हणून 'फॉर टू डेज'. कधीपासून ते सांगायचं असेल तर सिन्स, जसं 'सिन्स वेनस्डे'.

आता तुम्ही सांगा. 'वर्गणी पंधरा तारखेपर्यंत आणून द्या.' 'आई, मी सहापर्यंत शाळेतच आहे.' यांत बाय कुठं आणि टिल कुठं? उत्तरं मधल्या सुट्टीत मला सांगा. वाचायला आलेल्या पालकांनीही सांगावीत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी