चार्ल्सटनची संग्रहालये आणि बाजार : ही वस्तू कोणी घडवली?

अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध, अब्राहम लिंकन, यादवी युद्ध आणि गुलामगिरीचा अंत हे विषय आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. परीक्षेसाठी सनावळ्या पाठ होतात, पण त्या काळातील माणसे कशी राहत होती, काय पिकवत होती, काय विकत होती हे पुस्तकाच्या चार ओळींत मावत नाही. ते समजण्यासाठी एखादे शहर नीट पाहावे लागते. म्हणून या अंकात आम्ही अमेरिकेच्या दक्षिण भागातील चार्ल्सटन या जुन्या शहराची ओळख करून देत आहोत. तेथील संग्रहालये आणि बाजार पाहताना एकच साधा प्रश्न सोबत ठेवूया : ही वस्तू कोणी घडवली?

शहराची जडणघडण

चार्ल्सटन हे साउथ कॅरोलिना राज्यातील बंदर आहे. अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर ते वसले आहे. १६७० साली इंग्रज वसाहतवाले प्रथम अ‍ॅशली नदीच्या पश्चिम काठावर उतरले आणि दहा वर्षांनी आजच्या जागी आले. राजा दुसरा चार्ल्स याच्या नावावरून गावाला ‘चार्ल्स टाउन’ म्हणत. स्वातंत्र्यानंतर १७८३ साली त्याचे ‘चार्ल्सटन’ झाले.

या शहराला श्रीमंत केले ते तांदळाने. किनाऱ्यालगतच्या दलदलीत बांध घालून, भरती-ओहोटीचा उपयोग करून खाचरांत पाणी खेळवले जाई. त्यासाठी लाकडी दारे बसवलेली असत. कोकणात आणि गोव्यात खाडीकाठची शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. मात्र एक मोठा फरक होता. येथे बांध घालणारे, चिखलात उभे राहून लावणी-कापणी करणारे हात गुलामांचे होते. पश्चिम आफ्रिकेतील भातशेतीच्या प्रदेशांतून पकडून आणलेल्या अनेक लोकांना हे पीक ठाऊक होते. इ. स. १७०८ च्या सुमारास या वसाहतीत गोऱ्यांपेक्षा आफ्रिकी लोकांची संख्या जास्त झाली होती. मळेवाले धनाढ्य झाले आणि त्यांनी शहरात टोलेजंग घरे बांधली. ती घरे पाहायला आज जगभरातून प्रवासी येतात. जुनी वस्ती जपण्यासाठी चार्ल्सटनने १९३१ साली नियम केले. एका संपूर्ण ऐतिहासिक भागाला संरक्षण देणारे हे अमेरिकेतील पहिले शहर.

संग्रहालयातील तीन वस्तू

चार्ल्सटन म्युझियमची स्थापना १७७३ सालची, म्हणजे अमेरिका हा देश स्वतंत्र होण्यापूर्वीची! म्हणूनच त्याला अमेरिकेतील पहिले संग्रहालय म्हणतात. १७७८ च्या आगीत सुरुवातीचा बराचसा संग्रह जळाला, पण काम थांबले नाही. १८२४ पासून ते सर्वसामान्यांसाठी खुले झाले आणि १९८० पासून मीटिंग स्ट्रीटवरील इमारतीत आहे. या संग्रहालयाशी निगडित तीन गोष्टी आम्ही निवडल्या आहेत.

पहिली वस्तू निसर्गाच्या इतिहासातील आहे. १९८३ साली चार्ल्सटनच्या विमानतळाचे काम चालू असताना एका प्रचंड समुद्रपक्ष्याचे जीवाश्म सापडले. पंख पसरल्यावर त्याची रुंदी सहा मीटरहून अधिक भरत असावी. २०१४ साली शास्त्रज्ञांनी त्याला ‘पेलागॉर्निस सँडर्सी’ असे नाव दिले. यातील ‘सँडर्सी’ हा शब्द संग्रहालयाचे निवृत्त अभिरक्षक अल्बर्ट सँडर्स यांच्या सन्मानार्थ आहे.

दुसरी वस्तू अगदी लहान, हाताच्या तळव्यात मावेल एवढी. तो आहे तांब्याचा एक बिल्ला. चार्ल्सटनमधील मालक आपले गुलाम दुसऱ्याकडे कामाला लावत आणि त्यांची मजुरी स्वतः घेत. अशा गुलामासाठी नगरपालिकेकडे दरवर्षी शुल्क भरून बिल्ला घ्यावा लागे. बिल्ल्यावर शहराचे नाव, वर्ष, क्रमांक आणि कामाचा प्रकार कोरलेला असे : नोकर, हमाल, कारागीर, कोळी, फळविक्या. एवढे सगळे असे, पण माणसाचे नाव नसे.

तिसरी वस्तू म्हणजे मातीचा रांजण. १८५९ साली बनवलेल्या या रांजणात ४० गॅलनहून अधिक, म्हणजे सुमारे दीडशे लिटर, माल मावतो. तो घडवणारा कुंभार राज्याच्या आतल्या भागातील एजफील्ड येथे गुलाम होता. साउथ कॅरोलिनात १८३४ च्या कायद्याने गुलामाला वाचायला किंवा लिहायला शिकवणे हा गुन्हा ठरवला होता. तरीही हा कुंभार ओल्या मातीवर तारीख लिही, कधी दोन ओळींचे पद्य रची आणि खाली सही करी : ‘डेव्ह’. मुक्त झाल्यावर त्याने डेव्हिड ड्रेक हे पूर्ण नाव घेतले. आज त्याची भांडी अमेरिकेतील मोठमोठ्या कलासंग्रहालयांत मानाने ठेवलेली आहेत.

बिल्ला आणि रांजण मनात शेजारी ठेवून पाहा. बिल्ला सरकारने दिला, त्यावर नाव नाही. रांजणावर नाव आहे, कारण ते माणसाने स्वतः लिहिले. ज्याला अक्षर शिकवणे गुन्हा होता त्याने अक्षरानेच आपली ओळख मागे ठेवली. शाळेत रोज सहज नाव लिहिणाऱ्या आपल्याला यातून अक्षराची किंमत कळावी.

सिटी मार्केट आणि टोपल्या

आता बाजारात जाऊ. शहराच्या मध्यभागी चार चौकांएवढी लांब, एकामागून एक उभी असलेली छपरे म्हणजे सिटी मार्केट. १७८८ साली चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी यांनी ही जागा सार्वजनिक बाजारासाठी दिली. दर्शनी भागातील देवळासारखी खांबांची इमारत १८४१ सालची आहे. येथे मांस, मासळी, भाजी आणि फळे विकली जात. फेकलेल्या मांसासाठी गिधाडे बाजाराभोवती घिरट्या घालीत. भाजी-फळे विकणाऱ्यांत गुलाम स्त्रिया मोठ्या संख्येने असत.

हा बाजार गुलामांच्या खरेदी-विक्रीचा होता असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. येथे माणसे विकली जात नव्हती. ती जागा वेगळी आहे आणि तिच्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

आज या बाजारात कापड, दागिने, खाऊ असे सर्व काही मिळते. पण खरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे टोपल्या विणत बसलेल्या कृष्णवर्णीय बायका. आपल्याकडे बुरूड बांबूच्या कामट्या आडव्या-उभ्या गुंफतात. येथील रीत निराळी आहे. ‘स्वीटग्रास’ नावाच्या गवताची जुडी गोल वेटोळ्यात वळवत नेतात आणि ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानाच्या पट्टीने एक वेढा दुसऱ्याला शिवतात. मधे मधे पाइनच्या सुया घालून तपकिरी रंगाची नक्षी काढतात. हत्यार काय, तर चमच्याची दांडी घासून केलेला टोच्या! एक मोठी टोपली पुरी व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे तिची किंमतही चांगलीच असते.

ही विणकामाची रीत पश्चिम आफ्रिकेतून आली. तांदळाच्या मळ्यावर याच पद्धतीने रुंद, उथळ सुपे बनवीत आणि त्यांत भात पाखडीत. मळे संपले, तांदूळ गेला, पण आईकडून मुलीकडे, आजीकडून नातीकडे ही कला चालत राहिली. २००६ साली साउथ कॅरोलिनाने तिला राज्याची हस्तकला म्हणून मान्यता दिली. मात्र किनाऱ्यावर घरे आणि हॉटेले वाढल्यामुळे गवताची जागा कमी झाली असून कारागिरांना ते मिळवण्यासाठी दूरवर जावे लागते. कलेला मान्यता मिळाली तरी तिचा कच्चा माल टिकला नाही तर कला कशी टिकणार, हा प्रश्न आपल्याकडच्या कारागिरांनाही लागू आहे.

जेथे माणसे विकली जात

बाजारापासून थोड्या अंतरावर चाल्मर्स स्ट्रीट ही दगडी फरसबंदीची गल्ली आहे. पूर्वी गुलामांचे लिलाव शहरात उघड्यावर चालत. १८५६ साली नगरपालिकेने ते बंद केले. याचे कारण दया नव्हते. रस्त्यावरचा हा व्यवहार शहराला शोभत नाही, अशी भावना होती. त्यामुळे लिलाव भिंतींच्या आड गेले. चाल्मर्स स्ट्रीटवर अशीच एक जागा उभी राहिली. यादवी युद्ध चालू असतानाही, नोव्हेंबर १८६३ पर्यंत, तेथे माणसांची विक्री होत होती. १९३८ साली या इमारतीत खाजगी संग्रहालय सुरू झाले. पुढे ती शहराने विकत घेतली आणि २००७ पासून तेथे ‘ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम’ आजच्या स्वरूपात चालू आहे.

याहून मोठी जागा कूपर नदीच्या काठी आहे. तिला गॅड्सडेनचा धक्का म्हणत. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी सुमारे ४० टक्के लोक चार्ल्सटन बंदरातून आले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १ जानेवारी १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास कायद्याने बंदी आली. त्यापूर्वीच्या वर्षांत हजारो लोक याच धक्क्यावर उतरवले गेले. २७ जून २०२३ रोजी तेथे ‘इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम’ सुरू झाले. इमारत जमिनीपासून १३ फूट उंच खांबांवर उचललेली आहे, म्हणजे खालची भूमी मोकळी राहिली. तेथे जमिनीवर दाटीवाटीने निजलेल्या माणसांच्या आकृत्या कोरल्या असून त्यांवरून पाणी चढते आणि उतरते. जहाजाच्या तळाशी माणसे कशी कोंबली जात, हे सांगायला मग फलकाची गरज उरत नाही. याच संग्रहालयात वंशावळ शोधण्यासाठी खास विभाग आहे. ज्यांच्या पूर्वजांची नोंद मालकाच्या वहीत केवळ नग म्हणून झाली, ते येथे त्यांची नावे शोधतात.

१७७३ चे पहिले संग्रहालय आणि २०२३ चे हे संग्रहालय यांत अडीचशे वर्षांचे अंतर आहे. शहर घडवणाऱ्यांची कहाणी त्यांच्या बाजूने सांगायला एवढा काळ लागला. तेही सुखासुखी झाले नाही. १७ जून २०१५ रोजी येथील इमॅन्युएल चर्चमध्ये प्रार्थनेसाठी जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांची वंशद्वेषातून हत्या झाली. जून २०१८ मध्ये नगर परिषदेने गुलामगिरीतील शहराच्या वाट्याबद्दल माफी मागणारा ठराव ७ विरुद्ध ५ मतांनी केला. इतिहासाबद्दल एकमत होणे किती अवघड असते, हे या आकड्यांवरून दिसते.

ताटातील आणि बोलीतील वारसा

किनाऱ्यावरील या आफ्रिकी वंशजांना गला-गीची म्हणतात. त्यांची बोली इंग्रजी आणि आफ्रिकी भाषांच्या मिश्रणातून झाली. पूर्वी तिला ‘मोडके इंग्रजी’ म्हणून हिणवत. लॉरेन्झो डाऊ टर्नर या कृष्णवर्णीय भाषातज्ज्ञाने १९४९ साली ग्रंथ लिहून तिच्यातील आफ्रिकी शब्दांचा भक्कम पुरावा दिला. २००५ साली बायबलचा नवा करार या भाषेत छापून निघाला. जेवणातही हा वारसा आहे : चवळी-भात, भेंडीचे सार, तिळाची पातळ बिस्किटे. तिळाला तेथे ‘बेने’ म्हणतात आणि हा शब्द पश्चिम आफ्रिकेतील आहे. जेथे माणसाला काहीही सोबत नेता आले नाही, तेथे चव आणि शब्द मात्र बरोबर गेले!

आपला संबंध

चार्ल्सटनचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. यादवी युद्धाची पहिली तोफ १२ एप्रिल १८६१ रोजी याच शहराच्या बंदरातील सम्टर किल्ल्यावर डागली गेली. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, अमेरिकन कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे मोर्चा वळवला. खानदेश, वऱ्हाड, धारवाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या.

दुसरा संबंध याहून मोलाचा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. पुण्यात बसून जोतीरावांनी दूरच्या देशातील घटना आपली मानली, कारण माणसाला कमी लेखण्याची रीत त्यांना आपल्या घरातही दिसत होती. चार्ल्सटनविषयी वाचताना ‘ते तिकडचे’ असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही, ते याचसाठी.

आम्हाला असे वाटते की, सहलीत संग्रहालय म्हणजे रांगेने आत जाऊन रांगेने बाहेर येण्याची जागा राहू नये. राजाची तलवार पाहावी, आणि ती घडवणाऱ्या लोहाराचे नाव फलकावर आहे का, हेही पाहावे. पालकांनी मुलांबरोबर बाजारात जाताना हाच प्रश्न विचारावा. विश्वस्त मंडळींनीही शाळेच्या जुन्या वस्तू आणि कागदपत्रे जपताना शिपाई, सुतार, गवंडी यांच्या नोंदी आवर्जून राखाव्यात.

करून पाहा

१. घरातील एक जुनी वस्तू निवडा : पाटा, सूप, तांब्या किंवा गोधडी. ती कोणी घडवली, कोठून आली हे आजी-आजोबांना विचारून दहा ओळी लिहा.

२. जवळच्या संग्रहालयातील पाच वस्तूंचे फलक उतरवून घ्या. किती फलकांवर मालकाचे नाव आहे आणि किती फलकांवर घडवणाऱ्याचे?

३. आठवडी बाजारातील एका कारागिराशी बोला. त्याच्या हत्यारांची नावे, कच्चा माल आणि ही कला तो कोणाला शिकवतो आहे, याची नोंद करा. त्याचे नाव लिहायला विसरू नका.