वाटेची विद्या : रायपूरचा एक प्रवास आणि मराठी भ्रमणकथन

साहसशिक्षण ही संज्ञा अर्वाचीन आहे. १९४१ साली कुर्ट हान यांच्या प्रेरणेने वेल्समधील ॲबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा निघाली. संकटात सापडलेल्या तरुण खलाशांना केवळ शरीरबळ तारीत नाही, टिकून राहण्याची जिद्द तारते, हा तिच्यामागील विचार होता. संज्ञा नवी असली तरी अनुभव जुना आहे, आणि भारतीय भाषांतील चरित्रे व आत्मकथने त्याची साक्ष देतात.

रायपूरशी निगडित असलेले उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १८७७ साली विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरास राहिले आणि त्यांचे कुटुंब कलकत्त्याहून तेथे गेले. रायपूरपर्यंत तेव्हा रेल्वे नव्हती. अखेरचा प्रवास बैलगाडीने, दाट अरण्यातून, पंधरा दिवसांहून अधिक काळ चालला. चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ, म्हणजे पुढील स्वामी विवेकानंद, त्या गाडीत होता. डोंगराच्या कपारीत लोंबणारे प्रचंड मोहोळ पाहून त्याचे देहभान हरपल्याची हकीकत स्वामी सारदानंदांनी ‘श्रीश्रीरामकृष्णलीलाप्रसंग’ या बंगाली ग्रंथात नोंदविली आहे. रायपुरात योग्य शाळा नसल्यामुळे मुलाचे शिक्षण वडिलांच्या सहवासात झाले. १८७९ साली कुटुंब परतले. शाळेवाचून गेलेली ही दोन वर्षे वाया गेली असे कोणीही म्हणणार नाही.

मराठीत या अनुभवाची दोन रूपे ठळकपणे दिसतात. विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी वरसईहून उत्तरेस निघाले आणि बंडाच्या वणव्यात, झाशीच्या वेढ्यात सापडले. ‘माझा प्रवास’ मधील साहस निवडलेले नाही, ओढवलेले आहे. उलट गो. नी. दांडेकर किशोरवयातच शाळा व घर सोडून निघाले. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ मधील नर्मदापरिक्रमेत आणि पुढे त्यांच्या दुर्गभ्रमणात कष्ट स्वेच्छेने पत्करलेले आहेत. एकाला वाटेने सावध केले, दुसऱ्याला घडविले. साहसशिक्षणाचे लाभ म्हणून जे सांगितले जातात, ते म्हणजे आत्मविश्वास, संयम, सहकार्य आणि निसर्गाविषयीचा आदर. या कथनांत ते उपदेशाच्या रूपाने नव्हे, घटनांतून प्रकट होतात.

परंतु या साहित्याची एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. हे सारे परत आलेल्यांचे साहित्य आहे. जो वाटेतच राहिला त्याची भ्रमणगाथा लिहिली जात नाही. त्यामुळे धोका हा यशाकडे नेणारा एक टप्पा आहे, असा भास वाचकाला होतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणपथक द्रौपदी का दांडा शिखरावर हिमप्रपातात सापडले आणि बहुसंख्य प्रशिक्षणार्थी असलेल्या या पथकातील सत्तावीस जणांचे मृतदेह हाती आले. अनुभवी मार्गदर्शक आणि नामवंत संस्था असूनही निसर्ग हमी देत नाही, हे त्या घटनेने दाखविले. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यामागेही सुरक्षिततेचीच चिंता होती.

दुसरी मर्यादा अशी की, वाटेचे खरे जाणकार या कथनांत कडेलाच राहतात. १८७७ च्या त्या अरण्यवाटेवर पाणी कोठे, मुक्काम कोठे, हे गाडीवानालाच ठाऊक असणार. त्याने सांगितलेली कथा मात्र आपल्याजवळ नाही.

म्हणून आजच्या शिक्षकापुढील आव्हान दुहेरी आहे. धोका पूर्णपणे काढून टाकला तर साहस केवळ सहल होते. तो मोकळा सोडला तर शिक्षण जुगार ठरते. त्यात मूल स्वतः निवड करीत नाही, त्याच्या वतीने पालक आणि शिक्षक करतात. तेव्हा पूर्वतयारी, स्थानिक माणसांच्या ज्ञानाचा मान आणि योग्य वेळी माघार घेण्याचे धैर्य, ही तिन्ही अभ्यासक्रमाचीच अंगे मानली पाहिजेत. शिखरावर पोचलेल्याची कथा आपल्या साहित्यात विपुल आहे. शिखराखालून विवेकाने परतलेल्याच्या कथेलाही पाठ्यपुस्तकात तितकेच स्थान मिळणे अगत्याचे आहे.