अदृश्य सोबत्याचे वजन

गुरुत्वाकर्षणाने बांधलेले दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील, तर त्यांना युग्मतारे म्हणतात. परंतु जोडीतील एक घटक मुळीच दिसत नसेल, तर त्याचे अस्तित्व ओळखावयाचे कसे?

हंस तारकासमूहातील 'एचडीई २२६८६८' हा निळसर, अतितप्त महाकाय तारा याचे उत्तम उदाहरण होय. १९६४ साली अग्निबाणातील उपकरणांना त्या दिशेने येणारे क्ष-किरण आढळले. पुढे इंग्लंडमध्ये लुईझ वेब्स्टर व पॉल मर्डिन यांनी आणि कॅनडात टॉम बोल्टन यांनी या ताऱ्याचा वर्णपट तपासला. तारा दूर जाताना वर्णरेषा तांबड्या, तर जवळ येताना निळ्या बाजूस सरकतात. हे आवर्तन ५.६ दिवसांत पूर्ण होते. गती व आवर्तनकाल यांवरून अदृश्य सोबत्याच्या वस्तुमानाचा अंदाज बांधता येतो. १९७२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

ताऱ्यापासून निघणारा वायू सोबत्याकडे खेचला जातो, त्याच्याभोवती चकतीसारखा फिरतो आणि तापून क्ष-किरण बाहेर टाकतो. म्हणजे सोबती अतिशय लहान व घन असला पाहिजे. न्यूट्रॉन तारा सूर्याच्या सुमारे तिपटीहून जड असू शकत नाही; हा सोबती त्याहून कितीतरी जड आहे. म्हणून ते कृष्णविवरच ठरते. २०२१ मध्ये त्याचे अंतर सुमारे ७,२०० प्रकाशवर्षे असल्याचे नव्या मापनातून दिसले आणि वस्तुमान सूर्याच्या २१ पट ठरले.

२०१५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट' या भारतीय उपग्रहानेही त्याचे निरीक्षण केले. त्यावरील काही क्ष-किरण उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली होती. जे दिसत नाही, तेही अशा रीतीने मोजता येते.