इंटरनेटवरील पाहणी : प्रश्न आधी, आराखडा नंतर

ग्रामविकासाचा कोणताही निर्णय माहितीच्या आधारे घ्यावा लागतो. ही माहिती गोळा करण्याचे काम इंटरनेटमुळे सुलभ झाले आहे. प्रश्नावलीचा दुवा व्हॉट्सॲपच्या गटांवर पाठविला की सायंकाळपर्यंत शेकडो उत्तरे हाती येतात. परंतु ही उत्तरे कोणाची, याचा विचार बहुधा केला जात नाही. पाहणीचा आराखडा निवडताना नेमका हाच विचार प्रथम करावयास हवा.

मोठी संख्या फसवी ठरते

१९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन विजयी होतील, असे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. नावे प्रामुख्याने दूरध्वनी व मोटारधारकांच्या याद्यांतून घेतली होती. शिवाय ज्यांना वाटले त्यांनीच उत्तरे पाठविली.

इंटरनेटवरील पाहणीतही हाच दोष शिरू शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात इंटरनेटचा कधीतरी वापर केलेल्या स्त्रिया ३८ टक्के, तर पुरुष ६१.५ टक्के होते. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याच्या डोंगराळ भागातील आदिवासी पाडे आणि ऊसतोडीसाठी स्थलांतर करणारी पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातील कुटुंबे केवळ फोनवरच्या प्रश्नावलीतून सुटण्याचा धोका मोठा आहे. योजनेची गरज बहुधा त्यांनाच अधिक असते.

प्रश्न तसा आराखडा

जिल्ह्यातील शिक्षकांचे मत हवे असेल, तर संपूर्ण यादी उपलब्ध असते व प्रत्येकाकडे फोन असतो. यादीतून चिठ्ठ्या टाकून नमुना निवडावा व इंटरनेटवरून प्रश्नावली पाठवावी. उत्तर न देणाऱ्यांना स्मरणपत्र द्यावे.

स्थलांतरामुळे मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम पाहावयाचा असल्यास एकदाच केलेली विचारणा अपुरी पडते. त्याच कुटुंबांना हंगामापूर्वी, हंगामात व परतल्यावर विचारावे लागेल.

लसीकरणाच्या दोन संदेशांपैकी कोणता अधिक परिणामकारक, हे ठरविण्यासाठी पालकांचे चिठ्ठीने दोन गट पाडून प्रत्येकास वेगळा संदेश पाठवावा व उपस्थितीची तुलना करावी.

काही प्रश्नांना मात्र मतचाचणी लागूच पडत नाही. हिवरे बाजार येथे पाऊस व भूजल मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. जे मोजता येते, ते मोजावेच.

संपूर्ण गावाचे चित्र हवे असल्यास ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीतून नमुना काढावा. प्रथम दुवा पाठवावा, उत्तर न आल्यास दूरध्वनी करावा आणि शेवटी घरभेट द्यावी.

पाहणी करणाऱ्यांची जबाबदारी

पाहणीचा हेतू प्रारंभीच सांगावा व संमती घ्यावी. आवश्यक नसेल तेथे नाव विचारू नये. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संसदेने कायदा केला आहे, याचेही भान ठेवावे. अहवालात किती जणांना विचारले, कितींनी उत्तर दिले आणि कोण सुटले, या तीन बाबी अवश्य नोंदवाव्यात. सुटलेल्यांची नोंद राहिली, तरच पुढील पाहणी त्यांच्या दारापर्यंत पोहोचू शकेल.