मांसधातूतील शक्तिद्रव्याचे विसरण : मापन व मर्यादा

बलाची परीक्षा व्यायामशक्तीवरून करावी, असा निर्देश चरकसंहितेच्या विमानस्थानात आहे. आजचे संशोधकही व्यक्तीस चुंबकयंत्रात निजवून पिंडरीचा व्यायाम करवितात आणि मांसपेशीतील शक्तिद्रव्ये मोजतात. हे साम्य सुखावणारे खरे. परंतु त्यावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी हे मापन नेमके कशाचे आहे, ते समजून घेणे अगत्याचे आहे.

मांसतंतूत एटीपी हे प्रत्यक्ष खर्चाचे द्रव्य, तर फॉस्फोक्रिएटिन ही त्याची राखीव ठेव होय. विश्रांत मांसपेशीत ही ठेव एटीपीच्या सुमारे चौपट असते. दोहोंतील फॉस्फरसची अणुकेंद्रके चुंबकीय क्षेत्रात किंचित भिन्न कंप्रतेला संकेत देतात. त्यामुळे मांसाचा तुकडा न काढताही ही द्रव्ये ओळखता येतात. हीच मॅग्नेटिक रेझोनन्स स्पेक्ट्रोस्कोपी.

द्रव्य किती आहे याबरोबरच ते किती सरकते, हेही यातून कळते. १९६५ साली स्टेजस्कल व टॅनर यांनी मांडलेल्या पद्धतीत, चुंबकीय क्षेत्रास क्षणभर उतार देणारे दोन स्पंद लागोपाठ दिले जातात. रेणू जागीच राहिला तर दुसरा स्पंद पहिल्याचा परिणाम पुसून टाकतो. सरकला तर संकेत क्षीण होतो. उतार वाढवीत नेऊन संकेत किती घटतो, यावरून विसरण-गुणांक काढतात.

गुणांक प्रतिसेकंद ०.५ सहस्रांश चौरस मिलिमीटर धरल्यास ०.१ सेकंदात रेणू एका दिशेत साधारण १० मायक्रोमीटर सरकतो. मांसतंतूचा व्यास काही दशक मायक्रोमीटर असतो. म्हणून अधिक वेळ दिल्यास तंतूच्या आडव्या दिशेतील रेणूंना अडथळे भेटतात व गुणांक घटलेला दिसतो. पाणी तंतूच्या आत-बाहेर सर्वत्र असते. फॉस्फोक्रिएटिन मात्र तंतूच्या आतच राहते. म्हणूनच आतील रचनेचा तो अधिक विश्वासू साक्षीदार होय. उंदरांच्या मांसपेशीवरील असा अभ्यास २००० साली, तर मानवी पायावरील २०११ साली प्रसिद्ध झाला.

आता मर्यादा. फॉस्फरसचा संकेत क्षीण असल्याने मापन पुनःपुन्हा करून सरासरी घ्यावी लागते. त्या अवधीत पाय किंचित हलला तरी खोटे विसरण दिसते. ही पद्धत आजही संशोधनाची आहे, नित्य निदानाची नव्हे.

एका बल्य चूर्णाच्या माहितीपत्रकात ‘मांसवह स्रोतसांचा अवरोध दूर होतो, हे चुंबकीय तपासणीने सिद्ध’ असे विधान आमच्या वाचनात आले. मांसवह स्रोतसांचे मूल स्नायु व त्वचा सांगितले आहे. तंतूच्या आतील सूक्ष्म अडथळ्यास स्रोतोरोध म्हणणे ना शास्त्रास धरून आहे, ना मापनास. तसेच गुणांक म्हणजे धात्वग्नी नव्हे.

औषधनिर्मात्यांनी खरोखर परीक्षा करावयाची असेल, तर व्यायामानंतर फॉस्फोक्रिएटिन पूर्ववत होण्यास लागणारा काळ औषधापूर्वी व नंतर मोजावा, सोबत औषधाविना तुलनागट ठेवावा आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तरी प्रसिद्ध करावा. तोवर वैद्यबंधूंनी असे दावे रुग्णापुढे ठेवू नयेत. रुग्ण आपल्या शब्दावर विसंबून औषध घेतो. तो शब्द मोजूनच खर्चावा.